इंटरनेट कुठे तुटले, हे कोण सांगते? घराघरांत लावलेल्या छोट्या डब्यांची गोष्ट

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. जेवणे आटोपून लोक फोन घेऊन बसले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मेसेजपुढचे घड्याळाचे चिन्ह काही हलेना. कुणी फोन बंद करून पुन्हा चालू केला, कुणी वायफायच्या राऊटरचे बटण दाबून पाहिले, कुणाला रिचार्ज संपला की काय अशी शंका आली. थोड्या वेळाने लक्षात आले की फेसबुक आणि इन्स्टाग्रामही उघडत नाही. बिघाड घरातला नव्हता, गावातलाही नव्हता. तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या.

काय घडले याचा सविस्तर खुलासा कंपनीने दुसऱ्या दिवशी केला. पण त्याच्या कितीतरी आधी, सेवा बंद पडल्यावर थोड्याच वेळात, कंपनीशी काहीही संबंध नसलेले नेटवर्क अभियंते नेमके काय तुटले आहे ते एकमेकांना सांगत होते. फेसबुकचा पत्ता सांगणारे जे सर्व्हर आहेत, त्यांच्याकडे जाणारे रस्तेच इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले होते. इमारत जागेवर आहे, आत माणसेही आहेत, पण तिथे जाणाऱ्या रस्त्याच्या पाट्या गावातल्या सगळ्या चौकांतून एकाच वेळी काढून टाकल्या, असा तो प्रकार होता.

बाहेर बसलेल्यांना हे दिसले, कारण हा नकाशा सतत काढत राहणारी काही साधने सगळ्यांसाठी खुली आहेत. शेकडो नेटवर्कांनी आपणहून दिलेली माहिती आणि हजारो स्वयंसेवकांनी घरात, ऑफिसात, कॉलेजात लावून ठेवलेली छोटी यंत्रे यांच्या बळावर ती चालतात. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांचे नावही ऐकलेले नसते.

मुळात अशा साधनांची गरज का पडते?

रेल्वेला नियंत्रण कक्ष असतो. विजेच्या जाळ्यावर भार प्रेषण केंद्राची नजर असते. इंटरनेटला असा कक्ष नाही. सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्के एकमेकांना जोडून घेतात, त्या जोडणीलाच आपण इंटरनेट म्हणतो. त्यात मोबाइल कंपन्या आहेत, केबलवाल्यांची छोटी नेटवर्के आहेत, विद्यापीठे, बँका, सरकारी खाती आहेत. प्रत्येकाला आपल्या हद्दीतले सगळे दिसते आणि हद्दीबाहेरचे फारसे काही दिसत नाही.

शिवाय जे दिसते ते सांगण्याची घाई कुणालाच नसते. ग्राहकाने फोन केला की ‘आमच्याकडून सगळे व्यवस्थित आहे, राऊटर रीस्टार्ट करा’ हे उत्तर मिळते. ते कधी खरेही असते. पण खरे की खोटे हे तपासायला ग्राहकाच्या हातात काही नसते. कंपनीच्या म्हणण्याला, आणि पुढे येईल त्याप्रमाणे सरकारच्या म्हणण्यालाही, दुसऱ्या बाजूने ताडून पाहण्याची सोय असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

एका रात्रीत यूट्यूब पाकिस्तानात

या साधनांची ताकद जगाला पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती २४ फेब्रुवारी २००८ रोजी. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूबवर बंदी घातली होती. ती अमलात आणण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या नेटवर्कात एक घोषणा केली: यूट्यूबच्या अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर माझ्याकडे या. हेतू एवढाच की देशातली मागणी आपल्याकडे यावी आणि तिथेच जिरून जावी.

इथे जरा थांबून बीजीपी नावाची गोष्ट समजून घ्यावी लागते. इंटरनेटवरची नेटवर्के एकमेकांना सतत सांगत असतात की माझ्याकडून कुठल्या पत्त्यांपर्यंत पोहोचता येते. या सांगण्याच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात. ती शेजाऱ्यावरच्या विश्वासावर उभी आहे. शेजारी म्हणाला की हा रस्ता तिकडे जातो, तर आपण मान्य करायचे आणि आपल्या पुढच्या शेजाऱ्याला सांगायचे. आणखी एक नियम असा की दोन घोषणा आल्या तर अधिक नेमकी असेल ती खरी धरायची. पोस्टमनला एक जण ‘पुण्याची पत्रे माझ्याकडे द्या’ म्हणाला आणि दुसरा ‘सदाशिव पेठेची माझ्याकडे द्या’ म्हणाला, तर सदाशिव पेठेचे पत्र दुसऱ्याकडेच जाईल.

यूट्यूबने १,०२४ पत्त्यांचा एक गट जाहीर केला होता. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्याच २५६ पत्त्यांचा छोटा, म्हणजे अधिक नेमका गट जाहीर केला. ही घोषणा देशाच्या आत राहायला हवी होती. ती हाँगकाँगच्या एका मोठ्या नेटवर्कापर्यंत पोहोचली, त्याने ती न तपासता पुढे ढकलली आणि जगभरातून यूट्यूबकडे निघालेले लोक पाकिस्तानच्या दिशेने वळले. भारतात तेव्हा मध्यरात्रीचे सव्वाबारा वाजले होते. यूट्यूबला हा प्रकार लक्षात आल्यावर त्याने स्वतः २५६ पत्त्यांची घोषणा केली, मग त्याहूनही नेमक्या, १२८ पत्त्यांच्या दोन घोषणा केल्या. शेवटी हाँगकाँगच्या नेटवर्काने पाकिस्तानची जोडणी तोडली तेव्हा सुमारे सव्वादोन तास उलटून गेले होते.

ही सगळी हकीकत मिनिटामिनिटाने सांगता येते, कारण ती नोंदली गेली होती. ॲमस्टरडॅमची ‘राइप एनसीसी’ ही संस्था युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियाच्या काही भागात इंटरनेटचे पत्ते वाटून देण्याचे काम करते. जगभरातली अनेक नेटवर्के आपल्याला आलेल्या बीजीपी घोषणांची एक प्रत या संस्थेच्या संग्राहकांना देतात. त्याबद्दल त्यांना पैसे मिळत नाहीत. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाचा ‘राऊटव्ह्यूज’ हा प्रकल्प नव्वदच्या दशकापासून हेच काम करतो. या दोन्हींचा साठा कुणालाही उतरवून घेता येतो. फेसबुकचे रस्ते २०२१ मध्ये पुसले गेल्याचे बाहेरच्यांना दिसले ते याच प्रकारच्या नोंदींत.

पण या नोंदींना एक मर्यादा आहे. त्या रस्त्यांच्या पाट्या वाचतात, रस्ता स्वतः चालून पाहत नाहीत. पाटी जागेवर असते आणि पुढे पूल वाहून गेलेला असतो, असे इंटरनेटवर नेहमी घडते.

रस्ता चालून पाहणारा डबा

ही उणीव भरून काढण्यासाठी राइप एनसीसीने २०१० मध्ये ‘राइप अ‍ॅटलस’ सुरू केले. कल्पना सोपी आहे. आपल्या घरच्या राऊटरच्या मागे केबलने एक छोटे यंत्र जोडायचे. त्याला प्रोब म्हणतात. सुरुवातीचे प्रोब काड्यापेटीपेक्षा फार मोठे नव्हते. नंतर बरीच वर्षे प्रवासात नेण्याचा एक स्वस्त, बाजारात मिळणारा छोटा राऊटरच त्यासाठी वापरला गेला. त्यात एक पेनड्राइव्ह खोचलेला असायचा आणि तो पेनड्राइव्ह बिघडणे हा या डब्याचा नेहमीचा आजार. प्रोब गप्प झाला की यजमानाला ईमेल येतो: तुमचा प्रोब दिसत नाही, बघता का? मग तो पेनड्राइव्ह काढायचा, दुसरा लावायचा. जगाच्या इंटरनेटची देखरेख बरीचशी अशा किरकोळ घरकामावर चालते.

हा डबा करतो काय? तो दिवसरात्र छोटे छोटे प्रश्न विचारत असतो. पहिला प्रश्न ‘पिंग’चा: अमुक ठिकाणी कुणी आहे का, आणि उत्तर यायला किती वेळ लागला? हा प्रोग्रॅम माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये लिहिला. पाणबुड्या शोधण्याच्या सोनार यंत्राचा जो आवाज असतो त्यावरून त्याने हे नाव दिले.

दुसरा प्रश्न ‘ट्रेसराऊट’चा: तिथपर्यंत जाताना वाटेत कोण कोण लागते? यामागची युक्ती मोठी मजेशीर आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राऊटर तो एकने कमी करतो. आकडा शून्य झाला की पॅकेट टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला तसे कळवायचे. चुकून गोल गोल फिरत राहिलेली पॅकेट कायम फिरत राहू नयेत म्हणून केलेली ही सोय. ट्रेसराऊट मुद्दाम आधी १ आकड्याचे पॅकेट पाठवते, ते पहिल्याच राऊटरपाशी संपते आणि तो राऊटर ‘संपले’ असे कळवताना आपला पत्ता सांगून जातो. मग २ आकड्याचे, मग ३ आकड्याचे. असे करत वाटेवरच्या प्रत्येकाचा पत्ता हाती येतो.

या दोन साध्या प्रश्नांतून बरेच काही उलगडते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येण्याच्या वेळेत दर शंभर किलोमीटरला किमान एक मिलिसेकंद धरायचा. मुंबईहून पुण्याच्या सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चारपाच मिलिसेकंदांत यायला हरकत नाही. ते ऐंशी मिलिसेकंदांनी आले तर ते पॅकेट जाताना आणि येताना कुठेतरी फार लांबून फिरून आले आहे. सिंगापूरमार्गे गेले तर हिशेब जवळपास तेवढाच येतो. हे काल्पनिक नाही. दोन भारतीय कंपन्यांची आपापसात थेट जोडणी नसेल, तर शेजारच्या इमारतीतला निरोप परदेशात जाऊन परत यायचा. देशातली वाहतूक देशातच बदलून घ्यावी म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया स्थापन झाली ती याच कारणाने. रस्ता लांबचा असला की ग्राहकाला तो फक्त ‘नेट स्लो आहे’ एवढाच जाणवतो. प्रोब लावणाऱ्याला तो कुठून गेला ते दिसते.

आज अ‍ॅटलसचे बारा हजारांहून अधिक प्रोब जगभर जोडलेले आहेत. त्यांच्या जोडीला ‘अँकर’ म्हणून काही शे मोठी, डेटा सेंटरमध्ये ठेवलेली यंत्रे आहेत. २०२० पासून वेगळा डबा मिळेपर्यंत थांबण्याचीही गरज राहिलेली नाही. कायम चालू असणाऱ्या लहानशा संगणकावर प्रोबचे सॉफ्टवेअर टाकता येते.

यजमानाला त्या बदल्यात पैसे नव्हे, क्रेडिट मिळतात. प्रोब जोडलेला असेल त्या प्रत्येक मिनिटाला १५, म्हणजे दिवसाला २१,६०० क्रेडिट. ते खर्च करून यजमान इतरांच्या प्रोबकडून आपले काम करून घेऊ शकतो. ब्राझीलमधल्या वीस घरांतून माझी वेबसाइट उघडते का, नायजेरियातून किती वेळ लागतो, असे प्रश्न मुंबईत बसून विचारता येतात. आपल्याकडच्या भिशीसारखा किंवा शेतावरच्या सावडीसारखा हा व्यवहार आहे. आज तुझ्या शेतावर मी, उद्या माझ्या शेतावर तू. निष्कर्ष सहसा सगळ्यांना खुले असतात.

स्वतःच्या घरात अनोळखी डबा लावायचा म्हटल्यावर पहिली शंका येते ती पाळतीची. अ‍ॅटलसचा प्रोब घरातले कोण कुठली साइट बघते हे पाहत नाही. तो फक्त स्वतः प्रश्न पाठवतो आणि आलेली उत्तरे नोंदवतो. त्यातही एक बंधन मुद्दाम घातलेले आहे. प्रोबकडून वाटेल ती वेबसाइट उघडवून घेता येत नाही. वेब पानाची मागणी फक्त अँकर यंत्रांकडेच करता येते. कारण उघड आहे. एखाद्या देशात बंदी असलेली साइट कुणीतरी परक्याने आपल्या घरच्या जोडणीवरून उघडवली, तर पोलीस दारात येतील ते यजमानाच्या.

समुद्रात केबल तुटते तेव्हा

आपला परदेशाशी होणारा जवळपास सगळा इंटरनेट व्यवहार समुद्राखालच्या केबलमधून होतो आणि त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात, सौदी अरेबियाच्या जेद्दाहजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘आय-मी-वी’ या केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येतात. इंटरनेट बंद पडले नाही, पण युरोपकडची वाहतूक उरलेल्या आणि लांबच्या वाटांवर गेली आणि उत्तरे उशिरा येऊ लागली. मायक्रोसॉफ्टनेही पश्चिम आशियातून जाणारी आपली वाहतूक मंदावल्याचे ग्राहकांना कळवले.

अशा वेळी बातमी असते ती केबल तुटल्याची. पण त्याने नेमका किती फरक पडला हे केबलचा मालक सांगत नाही. ते मोजावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाल्टिक समुद्रात दोन दिवसांत दोन केबल तुटल्या. एक लिथुआनिया-स्वीडन, दुसरी फिनलंड-जर्मनी. घातपाताची चर्चा लगेच सुरू झाली. राइपच्या संशोधकांनी त्या देशांतल्या अँकर यंत्रांच्या आपसातल्या पिंगच्या नोंदी काढून पाहिल्या. काही वाटांवर उत्तराचा वेळ वाढलेला दिसला, पण पॅकेट हरवण्याचे प्रमाण लक्षात येण्याइतके वाढलेले नव्हते. वाहतूक दुसऱ्या वाटांनी निघून गेली होती. तारा तुटल्या आणि तरीही सेवा टिकली, ही माहिती घबराटीच्या वातावरणात मोलाची असते.

प्रोबचे गप्प होणेही बोलके असते. एकाच शहरातले अनेक डबे एकाच वेळी नाहीसे झाले तर बहुतेकदा वीज गेलेली असते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हा घरातल्या दिव्यांबरोबर घरातले प्रोबही गेले.

आग लागली की बटण बंद केले?

केबल तुटते तेव्हा निदान खोटे बोलण्याचे कारण कुणाला नसते. सरकार इंटरनेट बंद करते तेव्हा गोष्ट वेगळी होते. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात आरक्षणाविरोधातले विद्यार्थी आंदोलन पेटलेले असताना आधी मोबाइल इंटरनेट गेले आणि १८ जुलैच्या रात्री नऊच्या सुमारास जवळपास सगळा देशच जगापासून तुटला. सरकारकडून सांगण्यात आले की ढाक्यातल्या महाखाली भागात डेटा सेंटरला आग लावल्याने हे झाले. ब्रॉडबँड हळूहळू परत यायला २३ तारीख उजाडली, मोबाइल इंटरनेटला २८.

बाहेरच्या मोजमापांत मात्र वेगळे चित्र होते. अमेरिकेच्या जॉर्जिया टेक विद्यापीठातला ‘आयओडीए’ हा प्रकल्प बीजीपीच्या घोषणा, पिंगला येणारी उत्तरे आणि निरुपयोगी पत्त्यांवर आपोआप येत राहणारी भटकी वाहतूक अशा तीन वेगळ्या वाटांनी देशोदेशीच्या इंटरनेटवर लक्ष ठेवतो. एका इमारतीला आग लागली तर तिच्यातून जाणाऱ्या जोडण्या तुटतात, बाकीच्या रडतखडत चालू राहतात. बांगलादेशाला दोन समुद्री केबल आहेत, शिवाय भारतातून जमिनीवरून जाणाऱ्या तारा आहेत. इतक्या वेगवेगळ्या वाटा असलेला देश असा एकदम पडदा ओढल्यासारखा काळा होणे आगीशी जुळणारे नव्हते. ऑगस्टमध्ये सरकार बदलल्यावर झालेल्या चौकशीत, इंटरनेट आदेश देऊन बंद केले होते आणि आगीशी त्याचा संबंध नव्हता, असे पुढे आले.

यातला फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. मोजमाप केव्हा बंद पडले, किती बंद पडले आणि किती वेळ बंद राहिले हे सांगते. कुणी केले आणि का, हे ते सांगत नाही. ते शोधायला माणसे, कागद आणि साक्षी लागतात. मात्र वेळेची आणि व्याप्तीची नोंद हाती असली की खोटा खुलासा टिकवणे अवघड होऊन बसते.

या नकाशावर भारत पुसट का?

इतके वाचल्यावर वाटेल की भारतातल्या इंटरनेटबंदीची अशीच बिनचूक नोंद असेल. तशी ती नाही, आणि याची कारणे तांत्रिकही आहेत.

पहिले म्हणजे आपल्याकडे बंदी सहसा देशभर नसते. ती एखाद्या जिल्ह्यात, कधी तालुक्यात आणि बहुधा फक्त मोबाइल इंटरनेटवर असते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावाच्या काळात इंटरनेट बंद केले होते, ते याच प्रकारचे. बीजीपीच्या नकाशावर अशी बंदी दिसतच नाही, कारण मोबाइल कंपनीच्या देशभरच्या जाळ्याची पाटी जागेवरच असते. एक जिल्हा गेला म्हणून ती कुणी काढत नाही. त्यात मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. कोल्हापुरातला फोन जगाला मुंबई किंवा पुण्याच्या पत्त्यावर दिसू शकतो. तो गप्प झाला तर गप्प कोण झाले हेच कळत नाही.

दुसरे म्हणजे प्रोब. एकट्या जर्मनीत ते हजाराहून अधिक आहेत. एकशे चाळीस कोटींच्या भारतात त्या मानाने फारच थोडे. त्यातही डबा केबलने जोडावा लागतो, म्हणजे तो ब्रॉडबँड असलेल्या घरातच लागणार. भारतातल्या इंटरनेट ग्राहकांपैकी शंभरात पंचाण्णवच्या आसपास मोबाइलवर आहेत. म्हणजे बहुसंख्य भारतीय ज्या इंटरनेटवर जगतात, त्यावर हा डबा बसतच नाही.

आणि तिसरे कारण तांत्रिक नाही. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात नमूद केले की देशात किती वेळा आणि कुठे इंटरनेट बंद केले याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरविषयक अनुराधा भसीन खटल्यात, इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही, असे स्पष्ट सांगितले होते. तरी नोंदीचे काम पडले ते दिल्लीच्या ‘एसएफएलसी’सारख्या स्वयंसेवी संस्थांवर, आणि त्यांचा आधार मुख्यतः वृत्तपत्रांतल्या बातम्यांचा. बातमी आली नाही तर बंदी झालीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. भाजीवाल्याचा ऑनलाइन पैसे घेण्याचा क्यूआर कोड चार दिवस चालला नाही, किंवा परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत त्या चार दिवसांतच संपली, तर पुढे दाद मागताना दाखवायला त्याच्याकडे काही उरत नाही.

फोनवरून मोजता येते का?

काही प्रमाणात येते. गूगलवर इंटरनेट स्पीड टेस्ट शोधून चाचणी केली असेल, तर नकळत ‘एम-लॅब’ या २००९ पासून चालणाऱ्या सार्वजनिक प्रकल्पात भर घातलेली असते. एम-लॅबचे सर्व्हर ग्राहकाच्या कंपनीच्या जाळ्याबाहेर असतात, हे महत्त्वाचे. अनेक चाचण्यांत समोरचा सर्व्हर कंपनीच्याच जाळ्यात असतो, मग आकडा छान येतो. पण तो घरापासून नाक्यापर्यंतच्या रस्त्याचा असतो, आणि खोळंबा असतो नाक्याच्या पुढे. इथे एक सूचना द्यायला हवी. एम-लॅबची सगळी माहिती, चाचणी करणाऱ्याच्या आयपी पत्त्यासकट, जाहीर होते. चाचणीआधी तसे लिहिलेले असते, पण वाचतो कोण!

एखादी साइट उघडत नसेल तर ती बंद पडली आहे की अडवली आहे, हे पाहण्यासाठी ‘ऊनी’ नावाचे ॲप आहे. २०१२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प एकच साइट फोनवरून आणि मोकळ्या जोडणीवरून उघडून दोन्हीतला फरक पाहतो. भारतात वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या पद्धतींनी अडवतात, हे अशाच प्रकारच्या चाचण्यांतून संशोधकांनी दाखवून दिले. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीचे त्यातले काम उल्लेखनीय आहे. पण ऊनी अ‍ॅटलसने टाळलेली जोखीम पत्करते. ते खरोखरच अडवलेल्या साइट उघडून पाहते, तेही तुमच्या जोडणीवरून, आणि निष्कर्ष लगेच जाहीर करते. ॲप सुरू करताना हा धोका समजला का, हे विचारले जाते. काही देशांत तो प्रश्न औपचारिक नसतो.

खर्च कुणाचा?

स्वयंसेवक डबा लावतात, वीज देतात, पेनड्राइव्ह बदलतात. पण सर्व्हर, साठवण आणि पगार यांना पैसा लागतोच. अ‍ॅटलसचा मोठा भार राइप एनसीसीच्या सभासद नेटवर्कांच्या वर्गणीवर आहे, म्हणजे शेवटी तिथल्या इंटरनेट कंपन्यांवर. ऊनीसारखे प्रकल्प अनुदानांवर चालतात. अशा साधनांना पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘ओपन टेक्नॉलॉजी फंड’चे सरकारी अनुदान मार्च २०२५ मध्ये रद्द करण्यात आले आणि फंडाला न्यायालयात जावे लागले. एका देशातला एक निर्णय आणि डझनभर देशांतले मोजमाप अडचणीत, अशी ही रचना आहे. उपयोग सगळ्यांना होतो आणि बिल मोजक्यांच्या नावावर येते. गावच्या सार्वजनिक विहिरीच्या दुरुस्तीची वेळ आली की जे होते, तेच इथेही होते.

ज्यांना स्वतः प्रोब लावायचा आहे त्यांच्यासाठी वाट सोपी आहे. राइप अ‍ॅटलसच्या संकेतस्थळावर खाते उघडून अर्ज करता येतो. ज्या नेटवर्कात एकही प्रोब नाही तिथल्या अर्जाला महत्त्व मिळते, त्यामुळे जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या केबलवाल्याची जोडणी इथे मुंबईतल्या बड्या कंपनीपेक्षा मोलाची ठरते. डबा मिळेपर्यंत थांबायचे नसेल तर रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर सॉफ्टवेअर टाकून काम भागते. वीज वारंवार जात असेल तर राऊटरबरोबर तोही इन्व्हर्टरवर घ्यावा. आणि कॉलेजात किंवा ऑफिसात लावायचा असेल, तर तिथले नेटवर्क सांभाळणाऱ्याला आधी विचारावे. नाहीतर एखाद्या दिवशी ही अनोळखी डबी कसली म्हणून तोच तिची तार काढून टाकेल, आणि दूर ॲमस्टरडॅमहून ईमेल येईल: तुमचा प्रोब दिसत नाही, बघता का?